खेळण्यास योग्य

डोरीन पावलाकने चोवीस वर्षांत अमेरिकन फुटबॉलच्या पावणेचारशे खेळाडूंना घरी पाठवलं होतं, आणि त्यातल्या एकाच्याही कागदावर तिने खोटं लिहिलं नव्हतं. या गोष्टीचा तिला अभिमान होता. माणसं कामावरून काढण्यात कसला आलाय अभिमान, असं तिची आई म्हणायची. पण आईने जन्मात कधी नोकरी केली नव्हती, आणि डोरीनने नोकरीखेरीज काही केलं नव्हतं.

टोलेडो स्टोकर्स या संघाच्या ऑफिसात तिचं काम सांगायला सोपं होतं. संघाने खेळाडूंवर वर्षाला जास्तीत जास्त किती पैसे खर्चावेत याची लीगने एक रेघ मारून दिली होती. तिला सगळे कॅप म्हणत. त्रेपन्न धिप्पाड माणसं त्या रेघेच्या आत बसवायची, एक डॉलरही वर जाता कामा नये. एकाचा पगार वाढला की दुसऱ्या कुणाच्या तरी पोटावर पाय यायचाच. कोणाच्या, ते प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर ठरवत. कसा, ते डोरीन ठरवे. आणि लीगकडे जाणाऱ्या कागदावर सही तिची असे.

ती फोनवरून कुणाला काढत नसे. समोर बसवायची, कॉफी द्यायची, तोंडावर सांगायची. कितीतरी जणांनी तिच्या टेबलावर मूठ आपटली होती, दोघांनी कप फोडले होते, आणि एक सहा फूट सात इंचांचा गडी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला होता. खेळाडू पाठीमागे तिला 'कात्री' म्हणत. ते तिच्या कानावर आलं तेव्हा ती म्हणाली होती, "कात्री म्हणा, हरकत नाही. बोथट म्हणू नका."

मार्चमधल्या त्या आठवड्यात बुधवारी दुपारी चार वाजता लीगचं नवं वर्ष सुरू व्हायचं होतं. तोवर प्रत्येक संघ रेघेच्या आत हवा, आणि चारनंतर ज्याच्याकडे जागा आहे त्याने नवे खेळाडू उचलायचे. सोमवारी सकाळी जनरल मॅनेजर ब्रेंट टॉलिव्हर तिच्या खोलीत आला आणि बसायच्या आधीच बोलायला लागला. ब्रेंट सदतीस वर्षांचा. शिकागोच्या एका गुंतवणूक कंपनीतून दोन वर्षांपूर्वी आलेला. आकड्यांवर त्याचं प्रेम होतं, माणसांचं त्याला वावडं होतं.

"जेलानी क्रॉस हो म्हणालाय," तो म्हणाला.

जेलानी क्रॉस म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यांना हवा असलेला झेल घेणारा खेळाडू. डोरीनने चष्मा वर केला.

"अभिनंदन. कितीला?"

"पहिल्या वर्षी पंचाहत्तर लाख."

"आपल्याकडे दहा आहेत."

"माहितीये. थेरॉनला सोडू. त्याचे सत्तर सुटतात, झाले ऐंशी. वर पाच उरतात, त्यात तुम्हाला नवी खुर्ची घेऊ."

"खुर्ची कॅपमध्ये येत नाही," डोरीन म्हणाली. "आणि थेरॉनचा गुडघा फाटलाय, ब्रेंट. जखमी माणसाला काढलं तर एकवीस लाख द्यावे लागतात, वर ऑपरेशनचा खर्च. सत्तरातून एकवीस गेले, राहिले एकोणपन्नास. दहा धरून एकोणसाठ. सोळा लाख कमी पडतात."

"जखमी असेल तर."

"म्हणजे?"

"उद्या डॉक्टर प्रुइट त्याला तपासणार आहेत. ते खेळण्यास योग्य म्हणतील. योग्य माणसाला काढलं तर आपण काही देणं लागत नाही."

"तपासणी उद्या आहे ना?"

"हो."

"मग ते काय म्हणणार हे तुम्हाला आज कुणी सांगितलं?"

ब्रेंटने खिडकीतून रिकाम्या स्टेडियमकडे पाहिलं. कडेला लोटून ठेवलेला बर्फ काळपट पडला होता. "डोरीन," तो म्हणाला, "आकडे तुम्ही बघा. गुडघे मी बघतो."

"दुसरा रस्ता आहे. लॅम्बर्टला देऊन टाका. पश्चिमेकडच्या एका संघाने त्याच्यासाठी दोनदा फोन केलाय, दोन्ही वेळा मीच घेतलाय. त्याचे अडुसष्ट सुटतात. क्रॉस येतो, आणि थेरॉन बरा होऊन ऑक्टोबरात मैदानावर."

लॅम्बर्टचं नाव काढताच ब्रेंटचा चेहरा आवळला. हा बचावपटू त्याने स्वतः मागच्या वर्षी वाजतगाजत आणला होता. गडी वर्षभरात चार सामने खेळला, बाकीचा वेळ त्याचं पोट बिघडलेलं असायचं. त्याला विकणं म्हणजे आपण चुकलो हे गावभर सांगणं.

"लॅम्बर्ट कुठे जात नाही," ब्रेंट म्हणाला आणि निघून गेला.

थेरॉन मॅबरी दहा वर्षं स्टोकर्सचा सेंटर होता. म्हणजे चेंडूवर वाकून उभा राहणारा, पायांमधून तो मागे देणारा आणि पुढच्याच क्षणी समोरच्या दीडशे किलोच्या माणसाला अंगावर घेणारा. असल्या माणसाचं नाव सामन्यात फक्त चुकल्यावर ऐकू येतं. थेरॉनचं नाव क्वचितच ऐकू आलेलं. डिसेंबरातल्या शेवटच्या सामन्यात त्याचा गुडघा गेला, तेव्हा अजून एकोणीस मिनिटांचा खेळ शिल्लक होता आणि राखीव सेंटर संघात नव्हता. पगार वाचावा म्हणून ब्रेंटने तो ठेवलाच नव्हता. थेरॉन ती एकोणीस मिनिटं त्याच पायावर खेळला. सामना जिंकले. जानेवारीत सर्जनने लिहून दिलं की कूर्चा फाटली आहे, शस्त्रक्रिया लागेल, नऊ महिने मैदान नाही.

मंगळवारी दुपारी डोरीनला जिन्यावर पावलं ऐकू आली. एक पाऊल, थांबणं, मग दुसरं त्याच पायरीवर. लिफ्ट चालू होती, पण थेरॉन लिफ्टने येणारा नव्हता. तो आत आला, काठी टेबलाला टेकवली आणि दोन्ही हातांनी पाय उचलून सरळ केला.

"कॉफी?" डोरीनने विचारलं.

"म्हणजे तसंच आहे तर, मिस डोरीन." तो मिसिसिपीकडचा. तिकडे लहानपणापासून वयाने मोठ्या बाईला अशीच हाक मारायला शिकवतात.

"नुसती कॉफी आहे. तपासणी झाली?"

"झाली की. डॉक्टरने मला उभं केलं आणि विचारलं, बरं वाटतंय ना? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, छान. आणि लिहिलं."

डोरीनला हसू आलं, मग लगेच गेलं.

"वाकायला सांगितलं?"

"नाही."

"गुडघ्याला हात लावला?"

"पँटला लावला. चांगलं कापड आहे म्हणाला." थेरॉनने कप घेतला. त्याच्या पंजात तो बाहुलीच्या भातुकलीतला दिसत होता. "मला सोडताय ना?"

वेळ येण्याआधी खेळाडूला काही सांगायचं नाही, हा तिचा नियम होता.

"हो," ती म्हणाली. "उद्या."

थेरॉनने कप टेबलावर ठेवला.

"मी रडायला आलो नाही. दहा वर्षं मिळाली मला. माझ्याहून चांगली पोरं दोन-दोन वर्षांत गेली, तुम्हीच पाठवलीत. काढा. खेळच तसा आहे." मग तो पुढे झुकला. "पण मी धडधाकट होतो आणि तरी काढलं, असं लिहू नका. मी धडधाकट असतो तर मला काढायची कुणाच्या बापाची टाप नव्हती."

"मला डॉक्टरचा कागद लावावा लागतो, थेरॉन."

"असं? डॉक्टरच्या हाताखाली कधीपासून लागलात तुम्ही?"

तो उठला. दारापाशी जाऊन वळला, आणि वळायला त्याला तीन पावलं लागली.

"एकवीस लाख मला नको आहेत असं म्हणत नाही हां," तो म्हणाला. "दोन मुली आहेत मला. पण पैसे नंतर. आधी ते खोटं नको."

डोरीन घरी गेली तेव्हा आई स्वयंपाकघरात पिरोगी, म्हणजे उकडायच्या पोलिश करंज्या, लाटत होती. वांडाबाई ब्याऐंशी वर्षांच्या. ईस्टरआधीचे चाळीस दिवस त्या गोड सोडत आणि ते चाळीस दिवस घरादाराला कडू करून सोडत.

"थेरॉनला काढतायत," डोरीन कोट काढता काढता म्हणाली.

"माझ्या थेरॉनला?" लाटणं थांबलं. "कोण? तो शिकागोचा शुंभ?"

डोरीनने सगळं सांगितलं. आकडे सांगितले, डॉक्टरचं सांगितलं, पँटच्या कापडाचंही सांगितलं. वांडाबाईंनी पिरोगीच्या कडा बोटांनी दाबत ऐकून घेतलं.

"आणि तू काय करणारेस?"

"सही केली नाही तर काढतील. खरं लिहून सही केली तर नक्कीच काढतील."

"घराचं कर्ज फिटलंय ना?"

"फिटलंय."

"मला म्हातारपणाचे सरकारी पैसे मिळतात. तुझ्या बापाची पेन्शन पण येते. मग घाबरतेस कशाला?"

"आई, मी छप्पन्न वर्षांची आहे. मला दुसरं काही येत नाही."

"पावणेचारशे पोरांना तू घरी पाठवलंस. हेच ऐकवलंस ना प्रत्येकाला, की जग इथे संपत नाही म्हणून? का ते खोटं होतं?" वांडाबाईंनी पीठ झटकलं. "आता तू ऐक. आणि ताटं घे."

बुधवारी अकरा वाजता मालकाच्या खोलीत बैठक होती. प्रेस्कॉट हॅडली हा संस्थापकाचा नातू. आजोबांनी भट्टीत कोळसा टाकून पैसा उभा केला होता, त्यावरूनच संघाला स्टोकर्स नाव पडलं. नातवाने कोळसा फक्त आजोबांच्या तैलचित्रात पाहिला होता. हॅडली, ब्रेंट आणि डोरीन, तिघंच.

डोरीनने लॅम्बर्टचा प्रस्ताव मांडला. पश्चिमेकडच्या संघाने सकाळी पुन्हा फोन केला होता, ते तयार होते. हॅडलीने ब्रेंटकडे पाहिलं.

"थेरॉन तेहेतीसचा आहे," ब्रेंट म्हणाला. "लॅम्बर्ट सव्वीसचा. संघ पुढचा विचार करून बांधायचा असतो. भावनेवर नाही."

"मी भावना आणल्याच नाहीत," डोरीन म्हणाली. "अडुसष्ट आणलेत."

"थेरॉनला काढा," हॅडली म्हणाला. "ठरलं हे."

"काढते. तो तुमचा अधिकार आहे. पण तो जखमी आहे, आणि मी जखमी लिहीन."

हॅडली हसला, कुणी लहान मुलाने मोठी गोष्ट बोलावी तसं. "डॉक्टरांनी योग्य लिहिलंय ना?"

"तपासणीच्या आदल्या दिवशीच ज्यांचं उत्तर ठरलं होतं ते डॉक्टर? हो. आणि जानेवारीत सर्जनने नऊ महिने लिहिलंय. तोही कागद तुमच्याच पैशाने झालाय. लीगचा नियम आहे, नव्वद दिवसांतले सगळे वैद्यकीय कागद जोडायचे. ब्रेंट म्हणतोय एकच जोडा."

"तुम्हाला सांगितलंय तेवढं करा," हॅडलीचा आवाज आता बदलला होता. "नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

"बघा. लीगकडे सहीसाठी दोन नावं नोंदलेली होती. माझं आणि माझ्या हाताखालच्या नीनाचं. नीना जानेवारीत नोकरी सोडून गेली, आणि पगार वाचवायला तिची जागा भरली नाही. नवं नाव नोंदायला अख्खा दिवस लागतो. मला आत्ता काढलंत तर चार वाजेपर्यंत कुणाचाच कागद जाणार नाही. थेरॉनचाही नाही, क्रॉसचाही नाही."

ब्रेंटच्या मानेवर लाल डाग उमटले.

"ही धमकी आहे का?" हॅडलीने विचारलं.

"नाही. धमकी द्यायची असती तर काल दिली असती. काल तुमच्याकडे वेळ होता."

हॅडलीने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ब्रेंट, तू हिच्या शेजारी उभा राहा. कागद बरोबर जाईल असं बघ." त्याला खात्री होती की समोर माणूस उभा राहिला की बाई नरमेल. चोवीस वर्षं नोकरी केलेली माणसं नरमतात, असा त्याचा अनुभव होता.

सव्वातीनला डोरीन संगणकासमोर बसली. ब्रेंट तिच्या खुर्चीमागे उभा. पडद्यावर मॅबरी, थेरॉन, सेंटर, जर्सी नंबर एकसष्ट. तिने सर्जनचा जानेवारीचा कागद जोडला. मग प्रुइटचा जोडला. खाली शेऱ्याच्या जागी तिने लिहिलं: खेळाडू काल माझ्या खोलीत काठी घेऊन आला. त्याला वळायला तीन पावलं लागली.

"हे काढा," ब्रेंट म्हणाला.

"खरं आहे ते."

"काढा म्हणतोय ना! आणि तिथे 'योग्य'वर खूण करा."

डोरीनने 'अयोग्य'वर खूण केली. ब्रेंटचा हात तिच्या खांद्यावरून माउसकडे आला.

"हात मागे घे," डोरीन म्हणाली. आवाज चढवलाही नाही. "सही माझी आहे. माझ्या सहीला हात लावलास तर लीगला पहिला फोन मी करेन, आणि मग गुडघा राहील बाजूला."

हात थबकला. डोरीनने सही टाकली आणि कागद पाठवला. लगेच लीगची पोच आली.

"तुला कळतंय का काय केलंस?" ब्रेंटचा आवाज फुटला. "सोळा लाख! क्रॉस गेला आपल्या हातातून!"

"गेला नाही अजून. चाळीस मिनिटं आहेत." तिने खणातून एक फाईल काढून टेबलावर ठेवली. "लॅम्बर्टचा कागद. भरून ठेवलाय. ते लोक फोनजवळ बसलेत. तू हो म्हण, मी पाठवते. क्रॉस तुझा. तुझ्या लॅम्बर्टपेक्षा तुला क्रॉस हवा आहे ना? मग चूक झाली म्हण आणि मोकळा हो. मरत नाही माणूस तेवढ्याने."

ब्रेंटने फाईलकडे पाहिलं. डोरीनला पुढे कित्येक दिवस तो क्षण आठवत राहिला. त्याचा हात खरंच पुढे आला होता. मग त्याने तो खिशात घातला आणि तो हॅडलीच्या खोलीकडे धावला. उरलेली चाळीस मिनिटं ते दोघं आणि तीन वकील, गेलेला कागद परत कसा मागवायचा, याच्यावर फोनवर भांडत राहिले. कागद परत आला नाही. चार वाजले, आणि चार वाजून वीस मिनिटांनी जेलानी क्रॉस दुसऱ्या संघाची टोपी घालून टीव्हीवर हसत होता.

डोरीन त्या वेळी तळमजल्यावर होती. ज्याला काढायचं त्याला तोंडावर सांगायची पद्धत तिने त्या दिवशीही मोडली नाही. थेरॉन मालिशच्या खोलीत बाकावर बसून आपलं कपाट रिकामं करत होता. तिने कागदाची प्रत त्याच्या हातात दिली.

"थेरॉन, संघाने तुला मुक्त केलंय."

त्याने कागद वाचला. शेरा दोनदा वाचला.

"तीन पावलं मोजलीत तुम्ही?"

"मोजायचंच काम आहे माझं."

त्याने कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. त्याचे डोळे भरून आले होते, पण तो ताठ बसला. "चांगलं काढलंत," तो म्हणाला. "ह्याला म्हणतात काढणं."

साडेचार वाजता डोरीनला काढलं. ते मात्र फोनवरून.

एप्रिलमध्ये स्टोकर्स क्लबने हरकत घेतली. म्हणणं असं की एका नाराज कर्मचारीबाईने सुडाने चुकीचा कागद पाठवला. खेळाडू तंदुरुस्त होता. एकवीस लाख द्यायचा प्रश्नच येत नाही. खेळाडू संघटना थेरॉनच्या बाजूने उभी राहिली आणि जूनमध्ये नदीकाठच्या एका हॉटेलात लवादापुढे सुनावणी लागली. लवाद म्हणजे ओडेल नावाच्या एक निवृत्त न्यायाधीशबाई. केस पांढरेशुभ्र, आणि ऐकताना पेन्सिल दातात धरायची सवय.

डोरीन स्टोकर्सचं जुनं जॅकेट घालून गेली. कोपरापाशी विरलेलं, निळं. वांडाबाई म्हणाल्या होत्या, "चांगला कोट घाल की." डोरीन म्हणाली, "हाच चांगला आहे."

आधी डॉक्टर प्रुइट बसले. त्यांनी तपासणी रीतसर झाल्याचं सांगितलं. ओडेलबाईंनी पेन्सिल काढली.

"किती वेळ चालली?"

"पुरेसा वेळ."

"मिनिटांत सांगा."

"चार असेल."

"त्यात गुडघा किती वेळा वाकवून पाहिलात?"

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला. "पेशंट उभा होता," ते म्हणाले.

"ते ठीक आहे. गुडघा?"

डॉक्टर पाणी प्याले. ओडेलबाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

मग डोरीनची पाळी. क्लबचा वकील तरणाबांड, गोड बोलणारा. त्याने आधी तिचं कौतुक केलं, मग हळूच विचारलं, "मिस्टर मॅबरींनी तुमच्या आईला सही केलेली जर्सी दिली होती, हे खरं?"

"हो. तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाला."

"म्हणजे घरोबा होता."

"त्याच आईला त्या वाढदिवसाच्या रात्री मी सांगितलं होतं की तिच्या दुसऱ्या एका लाडक्या, पास झेलणाऱ्या पोराला मी सकाळी काढणार आहे. केक खाल्ला आणि सकाळी काढला. घरोब्याने कुणी वाचत असतं माझ्या हातून, तर पावणेचारशे झाले नसते."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. वकील हसला नाही.

"तुम्हाला मालकांचा निर्णय पटला नाही, म्हणून तुम्ही तो उलटवलात."

"चूक. मालकांचा निर्णय होता थेरॉनला काढायचा. मी काढलं. तो निर्णय मला पटला नव्हता, तरी काढलं. आकाश निळं आहे की नाही, हे मालकांनी ठरवायचं नसतं. गुडघ्याचंही तसंच आहे."

"क्लबचं यात किती नुकसान झालं, कल्पना आहे?"

"सोळा लाखांची अडचण. आणि ती सुटायचा कागद मी टेबलावर ठेवला होता. हे बसलेत ना, ब्रेंट टॉलिव्हर, त्यांना विचारा, का उचलला नाही."

ब्रेंट खाली बुटांकडे बघत होता.

वकिलाने शेवटचा डाव टाकला. "एवढा राग आहे क्लबवर, तर हे जॅकेट कशाला घातलंय? सहानुभूतीसाठी?"

डोरीनने जॅकेटची बाही खाली ओढली. "राग क्लबवर कोण म्हणालं? हा माझा संघ आहे. माझ्या बापाने मला पहिला सामना खांद्यावर बसवून दाखवला तेव्हा हे हॅडली शाळेत होते. मालक बदलतात, मॅनेजर तर दर चार वर्षांनी बदलतात. मी इथलीच आहे. तुम्ही मला नोकरीवरून काढलंत. संघातून काढायचा कागद तुमच्याकडे नाही, आणि असला तर त्यावर सही कोणाची चालते ते मला दाखवा."

ओडेलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "पुढचा प्रश्न?" त्यांनी वकिलाला विचारलं. त्याने फाईल मिटली.

निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात आला. थेरॉनला एकवीस लाख मिळाले आणि शस्त्रक्रियेचा खर्चही. गुडघा बरा झाला, पण खेळण्याइतका नाही. तो टोलेडोतच राहिला आणि एका शाळेत पोरांना सेंटरचं काम शिकवू लागला. पहिल्याच दिवशी त्याने त्यांना सांगितलं म्हणे की कुणी दुखतंय का विचारलं तर खरं सांगायचं, आणि दोनदा सांगायचं.

ऑगस्टमध्ये हॅडलीचा फोन आला. लॅम्बर्टला त्यांनी शेवटी फुकटात सोडून दिलं होतं, ब्रेंटची खुर्ची डुगडुगत होती, आणि डोरीनच्या जागी आलेल्या दोन मुलांना मिळूनही ती रेघ सांभाळता येत नव्हती.

"झालं गेलं विसरू," हॅडली म्हणाला. "पगार वाढवतो. फक्त एक पत्र लिहून द्या की मार्चमध्ये घाईत गैरसमज झाला होता."

"घाई नव्हती, मिस्टर हॅडली. चाळीस मिनिटं उरली होती."

"एक ओळ आहे हो नुसती."

"थेरॉनचीही एकच खूण होती."

तिने फोन ठेवला. वांडाबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. "पगार किती वाढवत होता?" त्यांनी विचारलं. डोरीनने आकडा सांगितला. वांडाबाईंनी पोलिश भाषेत एक अशी शिवी दिली जी डोरीनने वडिलांच्या तोंडूनही ऐकली नव्हती. मग म्हणाल्या, "बरं केलंस."

दोन दुसऱ्या संघांनी तिला बोलावलं होतं. स्टोकर्सच्या विरुद्ध आकडे मांडायला तिचं मन होईना. सप्टेंबरात खेळाडू संघटनेने विचारलं, की लीगमधल्या सगळ्या संघांचे मुक्ततेचे कागद आम्हाला तपासून द्याल का. घरून करता येईल असं काम होतं. तिने जेवणाच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलं, संगणकाचे दोन पडदे मांडले आणि वांडाबाईंना बजावलं की आता इथे पीठ आणायचं नाही. पहिल्या दोन महिन्यांत तिने एकोणीस कागद परत पाठवले. त्यातले अकरा दुरुस्त होऊन आले.

नोव्हेंबरात विसावा कागद स्टोकर्सचा निघाला. एक बावीस वर्षांचा राखीव खेळाडू, खांदा निखळलेला, आणि रकान्यात 'योग्य'. तिने सरळ नंबर फिरवला. तो तिला पाठ होता.

"ब्रेंट टॉलिव्हर."

"डोरीन पावलाक बोलतेय. संघटनेकडून."

पलीकडे खुर्ची करकरली.

"काय हवंय?" तो म्हणाला.

"खांद्याचा एक्स-रे."

"तो फाईलमध्ये असेल. शोधावा लागेल. उद्या बघतो."

"शोध आत्ताच," डोरीन म्हणाली आणि पाय लांब करून खुर्चीत नीट बसली. "मी फोन धरून ठेवते. मला आज कुठे जायचं नाहीये."